प्रकल्प नोंदी: छापखान्यातलं मशीन, उशिरा उघडणारं लिब्रेऑफिस आणि 1001 नंबरचा मालक

मंगळवार, 28 नोव्हेंबर 2023

सांगलीतला छापखाना. तुळशीची लग्नं नुकतीच उरकलीत, त्यामुळे पत्रिकांची गर्दी ऐन भरात. डीटीपीचं मशीन ताई चालवतात, छपाई आणि गिऱ्हाईक काका बघतात. तक्रार एकच: लिब्रेऑफिस उघडायला पाऊण-एक मिनिट, चित्रं काढायच्या इंकस्केपचं तेच, पानं जुळवायच्या स्क्रायबसचं तर विचारूच नका. एकदा उघडलं की पुढे काम सुरळीत. फायरफॉक्स, कॅल्क्युलेटर, फाइल मॅनेजर यांचं काही दुखत नाही.

"दर पत्रिकेला वेगळा प्रोग्राम उघडायचा म्हटलं की गिऱ्हाईक समोर बसून माझ्याकडे बघतं," ताई म्हणाल्या. त्यामुळे आता त्या सकाळीच सगळे प्रोग्राम उघडून ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत एकही बंद करत नाहीत. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

मशीन: झुबुंटू 22.04 (लिनक्सचा एक प्रकार), एक्सएफसीई डेस्कटॉप, आय-थ्री प्रोसेसर, 8 जीबी रॅम, एसएसडी. काकांना कुणीतरी रॅम वाढवायला सांगितलंय आणि ते पैसे मोजायला तयार बसलेत. लिब्रेऑफिस उघडताना बघितलं तर निम्मी रॅम रिकामी, स्वॅपला (रॅम कमी पडली तर डिस्कवर वापरायची जागा) हातही लागलेला नाही. "काका, रॅम घेऊ नका, आठवडाभर थांबा," असं सांगून आलो.

आज एवढंच बघितलं: लिब्रेऑफिस उघडत असताना प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्क्यांवर, बाकीचे निवांत. ही खूण महत्त्वाची. लिनक्सवर प्रोग्राम उशिरा उघडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डी-बसवर (प्रोग्राम एकमेकांशी ज्यावरून बोलतात ती वाट) कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसणं. त्यात साधारण 25 सेकंदांचा ठरलेला थांबा असतो आणि त्या वेळात प्रोसेसर स्वस्थ असतो. इथे स्वस्थ कुणी नाही. कुणीतरी खरोखरच राबतंय, आणि एकटंच राबतंय.

बुधवार, 29 नोव्हेंबर

दुपारी दोन तास मशीन मिळालं. जेवणाच्या सुट्टीत गिऱ्हाईक कमी.

अडणारे प्रोग्राम आणि न अडणारे प्रोग्राम अशी मनात फाळणी केली. लिब्रेऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस या तिघांनाही उघडतानाच मशीनवरच्या सगळ्या फॉन्टची यादी लागते. गिंपची गंमत वेगळी. त्याची खिडकी पटकन उघडते, कारण 2.10.4 या आवृत्तीपासून तो फॉन्ट मागच्या बाजूला भरत राहतो. पण अक्षरांचं टूल घेतलं की फॉन्टची यादी बराच वेळ रिकामी. ताईंना वाटायचं, गिंपला मराठी फॉन्ट आवडत नाहीत.

तेव्हा संशय फॉन्टवर. एफसी-लिस्ट ही फॉन्टची यादी देणारी आज्ञा चालवून मोजले: साडेतीन हजारांच्या वर. छापखान्यात यात नवल नाही. शिवाजी, कृतीदेव आणि त्यांची सगळी भावंडं, कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलेले, कुणी जुन्या सीडीवरून उतरवलेले. शिवाय मुक्त, बलू, मोदक, लोहित असे युनिकोडवाले. जुने फॉन्ट काढा म्हणायची सोय नाही. वीस वर्षांपूर्वीची पेजमेकरची फाइल घेऊन "आमच्या थोरल्याची पत्रिका अशीच होती, धाकट्याचीही हुबेहूब तशीच हवी" म्हणणारी माणसं इथे दर हंगामात येतात.

पण साडेतीन हजार फॉन्ट हे कारण पुरेसं नाही. लिनक्सवर फॉन्टचा हिशोब फॉन्टकॉन्फिग ठेवतं. ते प्रत्येक फाइल फ्रीटाइप या फॉन्ट वाचणाऱ्या साधनाकडून उघडून घेतं, नाव, जाडी, तिरकेपणा वाचतं, कोणकोणती अक्षरं आहेत ते मोजतं आणि त्यावरून हा फॉन्ट कोणत्या भाषांना चालेल ते ठरवतं. हे काम वेळखाऊ आहे, म्हणूनच एकदा केलं की त्याचा निकाल कॅशमध्ये, म्हणजे परत वापरायच्या साठ्यात, लिहून ठेवतात. प्रत्येक फोल्डरमागे एक कॅश-फाइल. पुढच्या वेळी फक्त फोल्डर बदलल्याची तारीख ताडून बघायची. जुळली तर कॅश वाचा आणि पुढे चला. म्हणजे हजारो फॉन्ट असले तरी पहिली वेळ सोडली तर त्रास व्हायला नको.

एफसी-डीबग या व्हेरिएबलला 128 ही किंमत देऊन एफसी-लिस्ट पुन्हा चालवलं. यात फॉन्टकॉन्फिग जी जी फाइल नव्याने तपासतं तिचं नाव छापतं. धडधाकट मशीनवर दुसऱ्या खेपेला इथे काहीच यायला नको. इथे स्क्रीन धबधब्यासारखी वाहू लागली. शिवाजी झाला, कृतीदेव झाला, परत चालवलं, परत पहिल्यापासून. म्हणजे अडणारा प्रत्येक प्रोग्राम, प्रत्येक वेळी, साडेतीन हजार फाइली नव्याने उघडून वाचतोय. कॅश एक तर लिहिलाच जात नाहीये, नाहीतर लिहिलेला सापडत नाहीये.

दोष मशीनचा की ताईंच्या खात्याचा, हे ठरवायला तात्पुरतं नवं खातं केलं. नाव दिलं "चाचणी". ताईंचे फॉन्ट तिकडे नेऊन ठेवले. लिब्रेऑफिस पहिल्यांदा उशिरा उघडलं, जे व्हायलाच हवं. बंद करून परत उघडलं, चार सेकंद. तेच मशीन, तेच फॉन्ट. काकांना बोलावून दाखवलं. रॅमचा विषय तिथेच मिटला.

मग ताईंच्या खात्यात येऊन लपवलेल्या (डॉटने म्हणजे टिंबाने नाव सुरू होणाऱ्या) फोल्डरांसकट यादी काढली, आणि मालकाच्या रकान्यात हे दिसलं: डॉट-कॅश या फोल्डरचा मालक "चाचणी". डॉट-फॉन्टकॉन्फिगचा मालक "चाचणी". डॉट-फॉन्ट्सचा मालकही "चाचणी".

जे खातं मी अर्ध्या तासापूर्वी जन्माला घातलं, ते ताईंच्या घरातल्या 2019 सालच्या फोल्डरांचं मालक होऊन बसलंय.

अर्थात यात भुताटकी नाही. लिनक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. नाव फक्त दाखवण्यापुरतं, पासवर्डच्या फाइलीत शोधून लावलेलं. यादी नंबरांसकट काढली तर चित्र स्वच्छ: ताईंचा नंबर 1000 आणि या फोल्डरांवर 1001. कालपर्यंत या मशीनवर 1001 कुणीच नव्हतं, म्हणून नावाच्या जागी नुसता आकडा दिसत होता. मी खातं केलं, सिस्टिमने त्याला पुढचा मोकळा नंबर दिला, तो नेमका 1001. आकड्यावर आपोआप पाटी लागली.

काकांना जुन्या मशीनबद्दल विचारलं. तिथे पहिलं खातं काकांचं होतं, दुसरं ताईंचं. म्हणजे तिथे ताई 1001 होत्या. नव्या मशीनवर पहिलं खातं ताईंचं झालं आणि त्या 1000 झाल्या. जुन्या डिस्कवरून सगळं घर मालकीसकट जसंच्या तसं कॉपी करून आणलं. फाइलींच्या लेखी मालक अजून त्या जुन्या ताईच.

बुधवार, रात्री (घरून)

दुपारी लॉग उतरवून आणले होते, ते नीट वाचले.

एसट्रेसमध्ये (प्रोग्राम सिस्टिमकडे काय काय मागतो ते टिपणारं साधन) फॉन्टकॉन्फिगची धडपड ओळीने दिसते. कॅश लिहायला त्याच्याकडे तीन जागा आहेत. पहिली व्हार या सिस्टिमच्या फोल्डरखालची, सगळ्या मशीनची. ती रूटची, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याची, तिथे सामान्य खात्याला लिहिता येत नाही आणि येऊही नये. दुसरी घरातल्या डॉट-कॅशच्या पोटात. डॉट-कॅशची परमिशन 700, म्हणजे मालकाशिवाय कुणी आत डोकवायचंही नाही. ताई मालक नाहीत, त्यामुळे स्वतःच्या घरातल्या खोलीला त्यांनाच कुलूप: परमिशन डिनाइड. तिसरी जागा जुन्या काळची, डॉट-फॉन्टकॉन्फिग. तिथे आत जाता येतं, वाचता येतं, लिहिता येत नाही. तिथे फॉन्टकॉन्फिग एक पाऊल पुढे जाऊन परमिशन स्वतःच बदलून बघतं, 755 (मालकाला लिहिता यावं, बाकीच्यांना फक्त वाचता यावं) करायचा प्रयत्न करतं. हे मला आवडलं. नुसती परमिशन बिघडलेली असती तर त्याने बिचाऱ्याने आपली आपण दुरुस्ती करून घेतली असती, आम्हाला कळलंही नसतं. पण परमिशन बदलायचा हक्क मालकाचा, आणि मालकी दुसऱ्याची. ऑपरेशन नॉट परमिटेड.

तिन्ही दारं बंद. मग ते एक ओळ बोलतं, "नो रायटेबल कॅश डिरेक्टरीज", आणि यादी नुसती मेमरीत धरून कामाला लागतं. प्रोग्राम बंद झाला की यादी गेली.

ही ओळ ताईंना कधीच दिसली नाही, कारण आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या प्रोग्रामची बडबड डॉट-एक्ससेशन-एरर्स या लपवलेल्या फाइलीत जाते. तिथे ती ओळ शेकड्यांनी पडलेली आहे. टर्मिनलमधून लिब्रेऑफिस उघडलं असतं तर पहिल्या मिनिटाला उलगडा झाला असता. पण डीटीपीच्या टेबलावर टर्मिनल कोण उघडतंय.

परमिशनच्या भांडणातला हा प्रकार सगळ्यात चिवट. वाचायला मिळत नाही तेव्हा प्रोग्राम आदळतो, चौकट येते, माणूस फोन करतो. इथे फॉन्ट वाचता येत होते, सगळे दिसत होते, सगळे छापले जात होते. फक्त लिहिता येत नव्हतं, तेही कॅशसारख्या, नसला तरी चालणाऱ्या गोष्टीला. त्यामुळे बिघाड न दिसता नुसती दिरंगाई दिसते, आणि दिरंगाई म्हटली की सगळ्यांना रॅम आठवते.

आणखी एक गोष्ट ताईंनी काल बोलता बोलता सांगितली होती: फाइल मॅनेजरमध्ये नवरा-नवरीच्या फोटोंची छोटी चित्रं दिसत नाहीत, प्रत्येक फोटो उघडून बघावा लागतो. मी ती वेगळी तक्रार म्हणून खाली लिहून ठेवली होती. वेगळी कुठली! ती छोटी चित्रंही डॉट-कॅशच्याच पोटात साठवतात.

गुरुवार, 30 नोव्हेंबर

सकाळी छापखाना उघडायच्या आधी गेलो.

आधी पूर्ण हिशोब. ताईंच्या घरात ताईंच्या मालकीचं नसलेलं काय काय आहे, ते फाइंडने शोधलं. उत्तर बोलकं होतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पत्रिकांचे फोल्डर, सगळं ताईंचं. लपवलेल्यांपैकी डॉट-कॉन्फिग आणि डॉट-लोकल ताईंचे. बाकी लपवलेलं जवळपास सगळं 1001 चं.

यावरून झालं काय असेल ते उघड आहे. ज्याने कॉपी केली त्याला मालकीचा घोळ समजला होता. त्याने घरात जाऊन चोन ही मालक बदलायची आज्ञा चालवली, पण तारांकन देऊन. शेलमध्ये तारांकनाचा अर्थ "सगळं" असा आपण धरतो, पण टिंबाने सुरू होणारी नावं त्यात येत नाहीत. मग लॉगिनला जे आड आलं, जिथे सेटिंग टिकेना, ते ते त्याने एकेक करून दुरुस्त केलं. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, तसं झालं. कॅश कधी रडला नाही.

नवे फॉन्ट टाकताना ताईंना अडचण का आली नाही, हाही प्रश्न सुटला. डबल-क्लिक करून बसवलेला फॉन्ट डॉट-लोकलच्या आत जातो, आणि ते ताईंचंच. जुने साडेतीन हजार डॉट-फॉन्ट्समध्ये, 1001 चे, पण वाचायला खुले.

दुरुस्तीत घाई करण्यासारखं काही नव्हतं. आधी "चाचणी" खातं त्याच्या घरासकट काढून टाकलं. मग चोन, पण सरसकट नाही. त्याला फ्रॉम नावाचा पर्याय आहे: ज्यांचा मालक सध्या 1001 आहे तेवढ्याच फाइली ताईंच्या नावावर करा, बाकीच्यांना हात लावू नका. सोबत एच हा पर्याय, म्हणजे शॉर्टकट लिंक असेल तर लिंकचीच मालकी बदलते, ती जिथे बोट दाखवते तिथली नाही.

काकांच्या ओळखीच्या एका पोराने फोनवर सुचवलं होतं की सगळ्याला 777 (सगळ्यांना सगळी मुभा) देऊन टाका, झटक्यात चालू होईल. चालू झालंही असतं. पण त्यात दोन खोट्या आहेत. एक, एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायच्या) किल्ल्यांसारख्या काही गोष्टी परमिशन सैल दिसली की काम करायलाच नकार देतात. दुसरी खोट मोठी: मालक 1001 तसाच राहिला असता. काकांना पुढच्या महिन्यात अर्धवेळ मुलगा ठेवायचाय, त्याच्यासाठी नवं खातं हवंय. त्याला मिळणारा नंबर कोणता? 1001. कामावर आल्या दिवसापासून तो ताईंच्या घरातल्या अर्ध्या लपवलेल्या फोल्डरांचा कायदेशीर मालक. काल "चाचणी"च्या बाबतीत हेच डोळ्यांनी बघितलं.

मालकी बदलल्यावर ताईंच्या खात्यातून, सुडो (रूटच्या अधिकाराने चालवायची सोय) न लावता, एफसी-कॅश ही फॉन्टचा कॅश बांधणारी आज्ञा चालवली. सुडो लावलं असतं तर ते रूटचं घर बघत बसलं असतं. उबुंटूत 19.10 पासून सुडो घराचा पत्ताही रूटचाच देतो, ताईंच्या डॉट-फॉन्ट्सकडे फिरकतसुद्धा नाही. एफसी-कॅशने अर्ध्या मिनिटाच्या आसपास घेतलं. त्यातली शेवटची दोन सेकंद ते मुद्दाम झोपून काढतं, म्हणजे यानंतर झालेल्या बदलांची वेळ कॅशच्या वेळेपेक्षा नक्की पुढची पडावी.

लिब्रेऑफिस: चार-पाच सेकंद. इंकस्केप त्याहून थोडं जास्त. एफसी-डीबग 128 लावून एफसी-लिस्ट चालवलं, एकही फाइल नव्याने तपासली नाही. फोटोंची छोटी चित्रंही दिसायला लागली. ताईंनी आल्या आल्या आधी तीच बघितली, लिब्रेऑफिसचं कौतुक नंतर.

शनिवार, 2 डिसेंबर

ताईंचा फोन. वेग टिकून आहे, पण काल दुपारी एकदा परत जुन्यासारखं झालं, मग आपोआप बरं झालं. काय केलं होतं विचारलं, तर एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फॉन्ट डॉट-फॉन्ट्समध्ये नेऊन टाकला होता. आता ते फोल्डर त्यांच्या मालकीचं, त्यामुळे टाकता येतो.

हा बिघाड नाही, स्वभाव आहे. कॅश फोल्डरमागे एक असतो. साडेतीन हजारांच्या फोल्डरमध्ये एक फाइल आली की फोल्डरची तारीख बदलते, अख्ख्या फोल्डरचा कॅश रद्द, सगळे फॉन्ट परत वाचायचे. पण यावेळी निकाल लिहिला गेला, म्हणून एकदाच त्रास झाला.

तरी पत्रिकांच्या दिवसांत रोज एखादा फॉन्ट येणार. म्हणून फोल्डर फोडले. जुन्या एन्कोडिंगचे एका ठिकाणी, त्यातही कुटुंबाप्रमाणे उपफोल्डर. युनिकोडचे वेगळे. आणि "आलेले" नावाचं एक छोटं फोल्डर, नवा फॉन्ट फक्त तिथेच टाकायचा. महिनाअखेरीला ताई त्यातले कामाचे निवडून हलवतील. आता नवा फॉन्ट आला की दहा-वीस फाइली वाचून भागतं. तपासून बघितलं, जाणवतसुद्धा नाही.

जाता जाता एक निरीक्षण. शिवाजी किंवा कृतीदेव फॉन्टकॉन्फिगच्या लेखी मराठी नाहीतच. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात, म्हणून मोजणीत ते इंग्रजी निघतात. एफसी-लिस्टला फक्त मराठीला चालणारे फॉन्ट विचारले तर साडेतीन हजारांतले अगदी थोडे उरतात. ताईंना यादी दाखवली. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं इंग्रजीतच पत्रिका छापल्या म्हणायच्या," काका म्हणाले.

मंगळवार, 5 डिसेंबर

शेवटची खेप. नव्या मुलासाठी खातं केलं. नंबर 1001 मिळाला, अपेक्षेप्रमाणे. लगेच फाइंड चालवून बघितलं: ताईंच्या घरात 1001 चं काही नाही.

बॅकअपची व्यवस्था बघितली. पोर्टेबल डिस्कवर टारने (फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम) सगळं घर जातं, कॅशसकट. कॅश नेण्यात काही हशील नाही, आणि परत आणताना तोच घोळ परत येण्याची वाट तेवढी मोकळी राहते. फॉन्टकॉन्फिग आपल्या कॅशच्या फोल्डरमध्ये एक खुणेची फाइल ठेवतं, कॅशडिर-टॅग नावाची, आणि टारला एक्सक्लूड-कॅशेस सांगितलं की अशी खूण असलेल्या फोल्डरांतला बाकी ऐवज तो वगळतो. ते जोडलं. डॉट-कॅशमधल्या सगळ्यांच फोल्डरांवर ही खूण नसते, म्हणून डॉट-कॅशही नावाने वगळलं.

बाकी काम:
बॅकअपमधून एक फोल्डर परत आणून मालकी तपासणे. शुक्रवारी, काकांनी डिस्क घरून आणली की.
छपाईकडच्या दुसऱ्या मशीनवरही जुन्याच डिस्कवरून कॉपी झालीय. तिथे ताईंचं खातं दुसरं, म्हणजे नंबर 1001 आणि जुळणारा. पण काकांचं खातं 1000 आहे का ते बघायचं राहिलंय.
बिल: मशीन तपासणी आणि दुरुस्ती. सुटे भाग काही नाहीत.